‘विकृत’ या शब्दाचे माप

नोकरीनिमित्त परप्रांतात दीर्घकाळ राहणाऱ्या माणसास आपल्या मातृभाषेतील शब्दांकडे थोडे दुरून पाहण्याची सवय लागते. दिल्लीस किंवा लखनौस नव्याने बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यास पहिल्याच महिन्यात कळून चुकते की, आपल्याकडे गुन्हेगारास होणारी ‘शिक्षा’ येथे मुलांस शाळेत मिळते, आणि आपण मित्राची करतो ती ‘चेष्टा’ येथे मनापासून केलेला प्रयत्न असते. तिरुवनंतपुरमास गेलेल्या आमच्या बांधवांचा विस्मय याहूनही मोठा असतो. आपल्याकडे ‘हृदयविकार’ म्हटले की डॉक्टर आठवतो. मल्याळम भाषेत ‘विकारम्’ म्हणजे भावना. तेथे हृदयात विकार नसणे हीच उणीव ठरावी! शब्द तोच, घराणे तेच. पण एका प्रांतात तो रुग्णालयात जाऊन पडला आणि दुसऱ्या प्रांतात काव्यात जाऊन बसला.

या ‘विकार’ शब्दाचे सख्खे भावंड म्हणजे ‘विकृत’. आज मराठीत हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. वैद्य एखाद्या हाडाची किंवा सांध्याची विकृती सांगतात. गवई विकृत स्वर सांगतात. आणि वर्तमानपत्रे एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी देताना गुन्हेगारास विकृत म्हणतात. एकच शब्द वाकलेल्या पायास, कोमल गांधारास आणि नराधमास लावला जातो. गांधारास त्याचे काही वाटत नाही, आणि नराधमास वाटले तरी त्याची फिकीर करण्याचे कारण नाही. परंतु वाकलेला पाय ज्याचा आहे तो मनुष्य आपणांसारखाच मराठी वाचतो आणि ऐकतो. आपल्या देहाचे नाव आणि नराधमाचे नाव एकच आहे, ही गोष्ट त्याच्या कानावर रोज पडत असते. हा निव्वळ भाषेचा योगायोग आहे, की आपल्या विचारातच काही खोट आहे, हा प्रश्न आम्हांस येथे मांडावयाचा आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘कृ’ हा धातू. विकृत म्हणजे वेगळे केलेले, बदललेले, मूळच्याहून निराळ्या रूपास पोचलेले. या अर्थात दोषाचा अंश यत्किंचितही नाही. दुधाचे दही झाले म्हणजे दही हा दुधाचा विकार. पण त्यासाठी दह्याची कोणी कीव करीत नाही. सांख्यांनी तर सगळे विश्वच या दोन शब्दांत वाटून टाकले. मूळ प्रकृती तेवढी कोणाची विकृती नाही. महत्, अहंकार आणि पंचतन्मात्रे ही सात तत्त्वे एकाच वेळी प्रकृतीही आहेत आणि विकृतीही. आणि उरलेली सोळा, म्हणजे मन, दहा इंद्रिये व पंचमहाभूते, हे केवळ विकार. या हिशेबाने आपले सर्वांगसुंदर शरीरही विकारच ठरते. मीमांसकांची परिभाषा याच वळणाची आहे. ज्या यागाचे सर्व विधी सांगितलेले असतात तो प्रकृतियाग, आणि त्याच्या नमुन्यावर थोडा फेरफार करून जो करावयाचा तो विकृतियाग. विकृतियाग केल्याने पुण्य कमी पडते, असे कोणी म्हटलेले नाही.

याहून बोलका दाखला वेदपठणाचा आहे. मंत्रातील शब्द मागेपुढे फिरवून, पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा, अशा रीतीने म्हणण्याच्या ज्या पद्धती आहेत त्यांस विकृतिपाठ म्हणतात. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा त्या आठ. मूळ संहितेत एका अक्षराचाही फरक पडू नये म्हणून हा सारा खटाटोप. जे मूळ म्हणून पूज्य मानले त्याचे रक्षण विकृतीने केले! साठ संवत्सरांच्या चक्रात विकृती नावाचे संवत्सर चोविसावे. शके १९३२ मध्ये, म्हणजे २०१०-११ साली, ते येऊन गेले आणि त्या वर्षीही लोकांनी नेहमीप्रमाणे गुढ्या उभारल्या. लक्ष्मीच्या अष्टोत्तरशत नामांतील पहिले नाव प्रकृती आणि लगेच दुसरे विकृती. ज्यांनी ही नामावळी रचली त्यांस ही दोन्ही नावे देवतेस शोभणारी वाटली.

मग हा शब्द बिघडला कसा? आमच्या समजुतीप्रमाणे त्याच्या पायऱ्या तीन आहेत. पहिल्या पायरीवर ‘वेगळा’ एवढाच अर्थ असतो. दुसऱ्या पायरीवर, जे आधी होते तेच योग्य होते असे गृहीत धरले जाते आणि ‘वेगळा’ म्हणजे ‘बिघडलेला’ होतो. वस्तू आधी असणे आणि ती बरोबर असणे यांत कोणताही तार्किक संबंध नाही. पण सवयीला तर्काची फारशी गरज लागत नाही. तिसऱ्या पायरीवर देहाचा बिघाड मनात उतरवला जातो आणि ‘बिघडलेला’ म्हणजे ‘दुष्ट’ होतो. पहिल्यापासून दुसरीपर्यंत आपण आळसाने येतो. दुसरीपासून तिसरीपर्यंत मात्र भीती आपणांस ओढून नेते. ज्याचे रूप आपल्यासारखे नाही त्याचे अंतरंगही आपल्यासारखे नसेल, ही ती भीती होय.

या उतरणीच्या उलट जाणारे एक उदाहरण मराठी माणसाच्या देवघरातच आहे. ‘विकट’ हा शब्द संस्कृतात रूढ असला तरी तो मुळात ‘विकृत’ याचेच प्राकृत वळणाचे रूप असावे, असे कोशकारांचे मत आहे. ‘प्रकृत’ यापासून ‘प्रकट’ झाला, त्याच रीतीने. आता ज्या घरांत सायंकाळी दिवेलागणीस मुले गणपतीची बारा नावे म्हणतात, त्या घरांतील वाचकांनी ती मनाशी मोजून पाहावीत. पहिले वक्रतुंड, दुसरे एकदंत, पाचवे लंबोदर आणि सहावे विकट. सोंड वाकडी, दात एकच, पोट सुटलेले, आणि या सर्वांवर शिक्का म्हणून ‘विकट’ हे नाव. एरवी यांतील प्रत्येक शब्द शाळेच्या अंगणात शिवी म्हणून वापरला गेला असता. तरीही प्रत्येक मंगल कार्याच्या आरंभी आपण प्रथम यासच नमस्कार करतो. याचा अर्थ असा की, घडणीतील वेगळेपण आणि मंगलता ही एकत्र नांदू शकतात हे आपल्या समाजास ठाऊक नाही असे म्हणण्यास जागा नाही. आपण ते देवाच्या बाबतीत मान्य करतो आणि शेजाऱ्याच्या बाबतीत विसरतो.

‘वाकडा’ या शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृत ‘वक्र’, प्राकृत ‘वंक’, आणि त्या कुळातील आपला ‘वाकडा’. आपल्या बोलण्यात वाकडे पाऊल पडते, वाकडी नजर असते, कोणाशी वाकडे येते, सर्वत्र दोषच. त्याच कुळात जन्मलेला हिंदीतील ‘बाँका’ मात्र रुबाबदार आहे. बाँका जवान म्हणजे ऐटबाज तरुण. वृंदावनातील बाँकेबिहारी तर तीन ठिकाणी वाकून उभे राहणाऱ्या कृष्णाचे नाव आहे. तोच वाक आपल्याकडे गुन्हा झाला आणि यमुनाकाठी लावण्य ठरला. उत्तरेत नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांनी हा फरक कानांनी अनुभवलेला असेल. यावरून निदान एवढे सिद्ध होते की, वाकणे ही एक गोष्ट आहे आणि वाकण्याचा निवाडा ही दुसरी. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरी आपण शिकतो.

हा निवाडा आपण बहुधा कथांतून शिकतो, म्हणून त्या कथांकडे जरा कठोरपणे पाहावयास हवे. अष्टावक्राची कथा अशा प्रसंगी हटकून सांगितली जाते. महाभारताच्या वनपर्वात ती अशी आहे : गर्भात असताना त्याने पित्याच्या, कहोडाच्या, अध्ययनातील दोष दाखविला, रागावलेल्या पित्याने तू आठ ठिकाणी वाकडा होशील असा शाप दिला. चूक पित्याच्या पठणात होती, आणि वाक मुलाच्या देहात आला! पुढे हा मुलगा जनकाच्या सभेत बंदीस वादात जिंकतो आणि पित्यास सोडवितो. येथपर्यंत कथा त्याच्या बुद्धीचा गौरव करते. पण शेवटी पिता त्यास समंगा नदीत उतरावयास सांगतो आणि त्याची गात्रे सरळ होतात. ज्या कथेने वाकड्या देहातील सरळ बुद्धी दाखविली, तिलाही तो देह तसाच घरी पाठविण्याचा धीर झाला नाही. भागवतातील मथुरेच्या त्रिवक्रेचेही असेच होते. स्वतः तीन ठिकाणी वाकून मुरली वाजविणारा कृष्ण तीन ठिकाणी वाकलेल्या स्त्रीस सरळ करतो, आणि ही विसंगती कोणास खटकत नाही.

अष्टावक्राविषयी लोकांत आणखी एक प्रसंग सांगतात. त्यास पाहून सभा हसली, तेव्हा तो म्हणाला की, मी पंडितांच्या सभेत आलो असे समजत होतो, पण येथे तर कातडे पारखणारे चर्मकार बसले आहेत. हे उत्तर ऐकून आपण पिढ्यान्‌पिढ्या मान डोलवीत आलो. परंतु त्यात एका अन्यायाचे निवारण दुसऱ्या अन्यायाने केलेले आहे हे ध्यानात घ्यावयास हवे. देहावरून हसणाऱ्यांस लाजविण्यासाठी एका कष्टाळू व्यवसायाचे नाव शिवीसारखे वापरले गेले. हिणवण्याचा शब्द हातात आला की तो खाली ठेवण्याऐवजी मनुष्य तो दुसऱ्याकडे फेकतो. ज्यास तो लागलेला असतो तोही याला अपवाद नसतो.

मराठीत या विषयावरचा सर्वांत थोर विचार पंडितांच्या सभेत झालेला नाही. तो पंढरीच्या मंदिराबाहेर उभ्या असलेल्या चोखोबांनी केला. ‘डोंगा’, म्हणजे वाकडा, हा शब्द आज मराठीत जिवंत आहे तो बहुतांशी त्यांच्या एका अभंगामुळे. ऊस, धनुष्य, नदी यांचे दाखले देऊन त्यांनी रूपावरून आतल्या वस्तूचा निवाडा करू नये असे सांगितले, आणि शेवटी तोच शब्द स्वतःस लावून घेतला. मंगळवेढ्यास गावकूस बांधताना ते कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला. या अभंगाकडे सहसा आत्मा चांगला, बाहेरचे रूप गौण, अशा उपदेशाच्या अंगाने पाहिले जाते. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. धनुष्य वाकडे असूनही बाण सरळ जातो, असे आपण म्हणतो. वस्तुतः धनुष्य वाकते म्हणूनच बाण सरळ जातो. सरळ काठीस दोरी बांधून ती वाकविल्याशिवाय तिचे धनुष्यच होत नाही. नदीही वळते ती भूमीच्या उतारास मान देऊन. म्हणजे वाक हा प्रत्येक वेळी माफ करावयाचा दोष असतोच असे नव्हे. पुष्कळदा ती त्या वस्तूची रीत असते. आणि चोखोबांच्या देहात तर वाकडे काहीच नव्हते. जातीच्या मापाने समाजाने त्यांस वाकडे ठरविले होते. वाकडेपणाचा शिक्का मारण्यासाठी समाजास वाकडा अवयवसुद्धा लागत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता द्यावा?

आता संगीताकडे वळू. तेथे ‘विकृत’ हा शब्द निर्मळ राहिला आहे आणि म्हणून पुष्कळ शिकवून जातो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी बिलावलाचे सप्तक शुद्ध धरून हिंदुस्थानी संगीताची मांडणी केली. तेव्हापासून कोमल ऋषभ, गांधार, धैवत, निषाद आणि तीव्र मध्यम हे पाच स्वर विकृत म्हणून शिकविले जातात. परंतु प्राचीन ग्रंथांतील शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आज जो गांधार कोमल, म्हणून विकृत, तो एके काळी शुद्ध होता. मद्रासेकडे गेलेल्या आमच्या रसिक वाचकांनी ऐकले असेल की, कर्नाटक पद्धतीतील शुद्ध गांधार आपल्या शुद्ध ऋषभाच्या जागी बसतो. नाद तोच; शुद्ध कोणास म्हणावयाचे ते ठरविणारा बदलला. आणि मालकंसातून विकृत स्वर काढून टाका असे म्हटले तर पाचांपैकी तीन स्वर जातील. उरेल तो राग नव्हे, नुसता सांगाडा.

याहून सूक्ष्म गोष्ट शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने सिद्ध झाला. तेव्हा तो आपल्या अंगणातलाच म्हणावयाचा. शार्ङ्गदेवाने सात शुद्ध आणि बारा विकृत स्वर मोजले. मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने खाली उतरतो. त्यामुळे पंचम आणि धैवत यांतील अंतर तीन श्रुतींऐवजी चार श्रुतींचे होते, आणि ग्रंथकार धैवतासही विकृत म्हणतो. येथे धैवत आपल्या जागेवरून तसूभरही हललेला नाही. हलला आहे त्याचा शेजारी. स्वतः काहीही न बदलता, केवळ शेजारचा सरकल्यामुळे, एखादा विकृत ठरू शकतो हे संगीतकाराने सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. परप्रांती गेलेल्या माणसास ते फार समजावून सांगावे लागू नये. पुण्यास ज्याचे बोलणे अस्खलित म्हणून वाखाणले गेले, त्याच्याच हिंदीतील लिंगभेदावर भोपाळच्या कचेरीत कारकून हसू दाबतात. तो मनुष्य तोच असतो. फक्त आजूबाजूचे स्वर बदललेले असतात.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला गेलाच पाहिजे. विकृती ही जर सर्वस्वी मापाची गोष्ट असेल, तर वैद्याने काय करावे? जन्मतःच पाऊल आत वळलेले बालक त्याच्यापुढे आणले, तर ‘हाही एक विकृत स्वरच आहे’ असे म्हणून त्याने स्वस्थ बसावे काय? मुळीच नव्हे. इग्नासिओ पोन्सेती (१९१४-२००९) यांच्या पद्धतीने अशा बालकाच्या पावलास आठवड्या-आठवड्याने हळूहळू वळण देत प्लास्टर घातले आणि पुढे काही वर्षे विशेष बूट वापरले, तर बहुतेक मुले नीट चालू लागतात. जो बाप ‘देवाने दिले ते तसेच राहू द्या’ म्हणतो, तो मुलाचा आदर करीत नाही. त्याच्या पुढील सर्व पावलांचे नुकसान करतो. वेदना ही संकेताने ठरत नाही. म्हणून ‘विकृती’ हा शब्द वैद्याच्या तोंडून काढून घ्यावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

पण वैद्यानेही तो कोणत्या मापाने वापरावा, हे आयुर्वेदाने सांगून ठेवले आहे. चरकाने रोग्याची जी दशविध परीक्षा सांगितली, तीत प्रथम प्रकृती, मग विकृती. म्हणजे या माणसाची स्वतःची मूळ घडण कोणती ते आधी पाहा आणि मग ती कोठे ढळली ते पाहा. त्याच परीक्षेत शरीराचे प्रमाण मोजावयास सांगितले आहे, आणि ते मोजावयाचे ज्याच्या त्याच्या स्वतःच्या अंगुलांनी. वैद्याच्या बोटांनी नव्हे की राजाच्या बोटांनी नव्हे. अर्थात् चरक सर्वस्वी निर्दोष होता असा दावा आम्ही करीत नाही. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्याने आठ प्रकारची शरीरे निंदित म्हणून गणली. त्यांत अतिउंच आणि अतिठेंगणे, अतिगोरे आणि अतिकाळे हेही आले. ही त्या समाजाची नजर होय. परंतु यादी सांगून झाल्यावर तो ज्या दोघांविषयी सविस्तर बोलतो ते म्हणजे अतिस्थूल आणि अतिकृश. कारण त्यांस त्रास होतो आणि त्यांवर उपाय करता येतो. गोऱ्याकाळ्याची निंदा तो वाक्यापुरती करतो. औषध मात्र दुःखालाच देतो. आमच्या मते विवेकाची रेषा येथेच आहे. ज्याचा देह आहे त्याच्या स्वतःच्या सुखदुःखाच्या मापाने जी मोजली ती विकृती उपचारास पात्र. पाहणाऱ्याच्या सवयीच्या मापाने जी मोजली ती फक्त पाहणाऱ्याविषयी काही सांगते.

हा विचार आज कायद्याच्या पुस्तकातही येऊन बसला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा शेकडा तीनवरून चारवर नेल्या. पण या आकड्यांहून महत्त्वाची आहे ती त्या कायद्यातील व्याख्या. शरीरातील किंवा मनातील दीर्घकालीन उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडून जेव्हा माणसाचा समाजातील सहभाग खुंटतो, तेव्हा त्या अवस्थेस कायदा अपंगत्व म्हणतो. शार्ङ्गदेवाचा धैवत येथे पुन्हा भेटतो. पायऱ्या चढू न शकणारा मनुष्य आणि पायऱ्यांखेरीज वाट नसलेली कचेरी, अशा दोहोंच्या मधल्या अंतराचे ते नाव आहे. त्या अंतरापैकी माणसाकडचा भाग वैद्य कमी करील तेवढा करील. कचेरीकडचा भाग कमी करणे हे वैद्याचे काम नव्हे. ते तुमच्याआमच्यापैकी ज्यांची सही चालते त्यांचे काम आहे.

नाव बदलण्याचा उपायही होऊन गेला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ शब्द सुचविला, आणि नंतर केंद्रीय विभागाच्या नावातही तो आला. ‘विकल’ म्हणजे ज्याची एखादी कला, म्हणजे अंश, उणा आहे तो. त्या अर्थाने पौर्णिमा सोडली तर चंद्रही महिनाभर विकलच असतो, आणि त्यास कोणी उणे लेखीत नाही. तेव्हा शब्द मुळात तितका वाईट नव्हता. त्यावर तुच्छतेची पुटे चढली होती. नव्या शब्दामागील सद्भाव आम्ही मानतो. पण ज्यांच्यासाठी तो काढला त्यांच्यापैकी अनेकांच्या संघटनांनी त्यास हरकत घेतली, हेही सांगितले पाहिजे. आम्हांस दैवी म्हणू नका, आम्हांस नागरिक म्हणा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो विचार करण्याजोगा आहे. एखाद्यास पाताळात ढकलणे आणि एखाद्यास आकाशात बसविणे, या दोन्ही कृतींत तो आपल्या शेजारच्या खुर्चीवरून उठलेला असतो. शिवाय पुटे नव्या शब्दावरही चढतात; वापरणाऱ्याची नजर तीच राहिली तर ‘दिव्यांग’ हीसुद्धा दहा वर्षांत टवाळी होऊ शकेल. ८ जुलै २०२४ रोजी एका चित्रपटाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींच्या चित्रणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली, तेव्हा हिणवणाऱ्या शब्दांचा दोष तर दाखविलाच. पण त्या व्यक्तींचे जीवन समजावून देणारा विनोद आणि त्यांस खाली पाडणारा विनोद, असा भेदही केला. शब्दापेक्षा त्यामागच्या नजरेचे हे वजन आहे.

उरला तिसरा उपयोग, नराधमास ‘विकृत’ म्हणण्याचा. आमचा खरा विरोध येथे आहे, आणि त्याची कारणे दोन. पहिले कारण वर आलेच : निरपराध देहाचे नाव आपण अपराधी मनास देतो आणि त्या देहास कलंक लावतो. दुसरे कारण याहून खोल आहे. गुन्हेगारास विकृत म्हटले की त्याचे कृत्य निवडीच्या क्षेत्रातून निघून घडणीच्या क्षेत्रात जाते. वाकडे झाड वाकडे वाढले, त्यास कोण काय करणार? ज्याने समजून-उमजून दुसऱ्यास छळले तो असा आपल्या जबाबदारीतून अर्धा सुटतो. आणि आपण मात्र पूर्ण सुटतो. कारण तो विकृत, आपण प्रकृत, तेव्हा त्याचा आपला संबंध नाही असे समाधान आपणांस मिळते. वस्तुतः क्रौर्य करणारे बहुसंख्य लोक चारचौघांसारखेच दिसतात, वेळेवर कचेरीत जातात, घरी मुलांचे लाड करतात. ज्यांनी चोखोबांस दाराबाहेर ठेवले त्यांचे हातपाय सरळच होते. क्रूर कृत्यास क्रूर म्हणावे, अन्यायास अन्याय म्हणावे, दुष्टपणास दुष्टपणा म्हणावे. मराठीत या शब्दांचा दुष्काळ नाही. हे शब्द कर्त्यावर ठपका ठेवतात आणि कोणाच्या देहास शिवत नाहीत.

आमचे अनेक वाचक शासनाच्या निरनिराळ्या खात्यांत अशा जागी आहेत की, त्यांनी लिहिलेला एक शब्द एखाद्या माणसाच्या कागदावर जन्मभर राहतो. प्रमाणपत्रावर शेकडा किती ते वैद्यकीय मंडळ लिहील. कायद्यास चाळीसची मर्यादा लागते आणि ती असो. पण त्या माणसास वरच्या मजल्यावर बोलवावयाचे की आपण खाली उतरावयाचे, त्याचा अर्ज त्याच्या सोबत्याशी बोलून निकालात काढावयाचा की त्याच्याशी बोलून, आणि शेऱ्यात त्याचे वर्णन त्याच्या उणिवेने करावयाचे की त्याच्या मागणीने, हे कोणत्याही परिपत्रकावाचून आजच ठरविता येते. कोणाचे माप घेण्याची वेळ आली, तर ते त्याच्या स्वतःच्या बोटांनी घ्यावे, हा चरकाचा दंडक कचेरीतही चालण्यासारखा आहे. तो पाळला गेला तर ‘विकृत’ हा शब्द गवयाकडे आणि वैद्याकडे सुखाने नांदेल, आणि देवघरात ‘विकट’ म्हणताना आपण काय म्हणत आहोत हेही आपल्या मुलांस सांगता येईल.